लाल पट्टी

…ती लाल पट्टी नका सोलू, वायरमनदादा – ती असू द्या, तुम्ही नुसतं बटण बदला. जळालं कशानं? जळणार नाही तर काय होईल, आमची सूनबाई सकाळ-संध्याकाळ औषधाचा फवारा मारते त्यावर, थेट आत – काल ठिणगी उडाली तेव्हा कुठे थांबली. लाल पट्टी म्हणजे मी हात लावायची वस्तू. हे बटण, तो नळ, ही खुर्ची, बाथरूमची कडी. बाकी घर त्यांचं. आजार? होता की, पण कधीच गेला. डॉक्टर म्हणाले, आजी, आता खुशाल घरभर फिरा. ते मला सांगून काय उपयोग, सूनबाईला सांगायला हवं होतं – तुम्ही मागे नका हो सरकू, खरंच बरी आहे मी.

आणि हा ताप घरात आणला कुणी? आमच्या चिरंजीवांनी, ऑफिसातून. तेव्हा सूनबाई मुलीला घेऊन आतल्या खोलीत कडी लावून बसली, आणि त्याच्या उशाशी कोण? मी. उलटी या ओंजळीत झेलली त्याची – बेसिनपर्यंत पोचलाच नाही. तेव्हा नव्हत्या पट्ट्या. तो उठला, मी पडले, आणि दुसऱ्याच दिवशी चिकटपट्टीचं रीळ आलं. आता चुकून माझा हात लागलेला नळ सोडायचा तर कोपरानं सोडतो. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. जाऊ दे, मला नाही त्याचं काही – नाही कसं, आहे. पण ते गिळते मी.

नातीचं नाही गिळवत. चार वर्षांची आहे, दारात उभी राहून बघते नुसती. परवा सूनबाई अंघोळीला गेली आणि ही आली की आत, थेट माझ्यापाशी. मी हात पसरले. तर तिनं माझ्या मनगटावर काहीतरी दाबून बसवलं, नीट, कडा चोळून चोळून – आणि पळाली. लाल पट्टी. तिचा काय दोष, घरात बघते तेच करते.

नाही, काढली नाही मी. ही काय, बाहीखाली. अंघोळ करतानासुद्धा हात बाजूला धरते, सुटेल म्हणून. एवढ्या दिवसांत मला कुणी हात लावला असेल, तर तिनंच.

बघताय काय? बटण झालं ना – मग निघा आता.