नकाशातले चौकोन

माले फाट्यावर एसटीची वाट बघत बापूसाहेब पेपर वाचत होते. म्हणजे पेपर नुसता तोंडासमोर होता आणि कान शेजारच्या बाकावर. तिथं पुण्याची एक मुलगी लॅपटॉप उघडून एका धनगर म्हातारीला काहीतरी दाखवत होती.

"ही तुमची वस्ती, आजी. नकाशात मीच टाकलीय, मराठीत."

"हितं तर नुसतं चौकोन हायेत."

"या सॉफ्टवेअरला आपली अक्षरं दाखवताच येत नाहीत. नकाशा तपासणाऱ्यालाही चौकोनच दिसले, त्यानं कचरा समजून दोनदा पुसले, मी परत टाकले."

"आन् शेजारी हे ठळक काय?"

"ते रिसॉर्ट. इंग्रजीत आहे ना."

"व्हय, तितंच गेल्ता जनावरांचा डाक्टर, मोबाईलात बघत बघत. त्यांच्या कुत्र्याला सुई टोचली, च्या पिला, माघारी गेला. तवर माज्या शेळ्या आडव्या."

"मी तक्रार केलीय, आजी. पुढच्या आवृत्तीत होईल दुरुस्त."

"उरलेली एक शेळी सकाळधरनं चारा खाईना. आजच्यापुरतं इंग्रजीत लिव्ह की."

"असं कसं? मराठीसाठीच तर आमची मोहीम आहे! माघार घ्यायची नाही."

बापूसाहेबांनी पान उलटलं.

"बरं, नगं घिऊ. डाक्टरला फोन तरी लावशील?"

"लावते की. काय सांगू?"

"रिसॉर्टची शेळी आजारी हाय म्हण."