विंगेतला आवाज कुर्डुवाडीला निघाला

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या गिरणी कामगार नाट्यमंडळाचे आजचे सत्कारमूर्ती त्रिंबकराव, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

माझी चुळबुळ आपल्या लक्षात आली असेल. सकाळपासून हे असंच चाललंय. त्रिंबकराव कायमचे मुलाकडे कुर्डुवाडीला निघाले, ही रुखरुख आहेच. पण तेवढंच नाही.

इतकी वर्षं ते विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत आले. मी मंडळाचा नायक, आणि पाठांतराच्या नावानं बोंब! ते हळूच सांगायचे, मी मोठ्यानं म्हणायचो. "प्रिये, तुझ्याविना हे जीवन म्हणजे वैराण वाळवंट!" आता सांगा मंडळी, आपल्या सोलापुरात प्रियेला प्रिये कोण म्हणतं? पण तसल्याच वाक्यांवर आमची नायिका सारजाबाई माझ्यावर भाळली. त्या काय, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. लग्नाचं विचारतानासुद्धा मी तिसऱ्या अंकातलंच भाषण म्हटलं होतं. दुसरं येत होतं कुठे?

आज सकाळी चहा घेताना मी सहज म्हणालो, "त्रिंबकराव चालले." तर ही म्हणते, "लई चुकल्यावाणी व्हईल. पयलं त्यांचंच ऐकू यायचं की. तुमी बोलेपातूर माजं लाजून झालेलं असायचं!"

हसा, खुशाल हसा. मी मात्र चहाचा कप खाली ठेवला. मग ही लाजली कुणाला? त्रिंबकरावांना? ज्यानं नाटक लिहिलं, त्याला? की मला? विचारलं, तर म्हणाली, "ते मला बी ठावं न्हाई. तुमचं सोताचं एकदा ऐकवा की, मग सांगते."

तेव्हापासून शोधतोय. जे वाक्य सापडतं, ते कुठल्या तरी अंकातलं निघतं. आत्ताही सवयीनं मी विंगेकडे पाहिलं. तिथे कुणी नाही. त्रिंबकराव हार घालून इथे माझ्या शेजारी बसलेत, आणि... अहो, त्यांचे ओठ हलताहेत! त्रिंबकराव, हात जोडतो, आज सांगू नका.

आपण मंडळासाठी घसा कोरडा केलात, त्याचं ऋण मोठं आहे. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांचा मी आभारी आहे. आता बसण्याआधी एवढंच.

सारजा, गिरणीतल्या मागांच्या खडखडाटानं दिसभर कान बधिर असत्यात. घरी आल्यावर तुजी भांड्यांची आदळआपट ऐकली की बरं वाटतंय. तू माहेराला गेलीस की मला घरात बसवत न्हाई.

मंडळी, काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. याची तालीम झालेली नाही.