लाल टाका

—नाही नाही, हलू नका ताई, या बाहीला टाचण्या लावल्यात, उगाच टोचेल. हात असाच राहू द्या. तर काय म्हणत होते मी — हां, त्या बंदीचं. तुम्ही म्हणालात ना आत्ता, बरं झालं ती घाण बंद केली, महिन्याचे पैसे भरून बायकांचे फोटो बघायची ती साइट — झालंच की बरं, मी कुठे नाही म्हणतेय? पण बंद म्हणजे काय झालं, माहितीये? आपल्या बाजूचं दार तेवढं लावलं हो, बाकी जगाला सगळं उघडंच. माझी एक मैत्रीण आहे — तुम्ही नाही ओळखत — तिचं खातं होतं त्यावर. असं बघू नका, नवरा गेला, पोर लहान, काय करेल? तोंड नाही हं दाखवलं कधी, तेवढी अक्कल होती. पाठ, खांदे, फार तर पाय. आणि बघणारे काय कमी आहेत? एवढी मुलगी शिकवली तिनं त्यावर, कुणापुढे हात पसरला नाही.

आता मुलगी मोठी झाली, तेव्हा म्हटलं पुरे, काढून टाकू सगळं. आज काढू, उद्या काढू — आणि एक दिवस सकाळी बघते तर बंदी! फोटो तिकडे दिसतायत आणि जिचे आहेत तिलाच आत जाता येत नाही. गॅस चालू, दाराला कुलूप आणि किल्ली आत, तसं झालंय. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याला मी — तिनं — विचारलं. तो म्हणाला, काहीतरी खटपट करून पान उघडून देतो, पण आत जायला मोबाईलवर आकडे येतात ना, ते या देशात यायचेच बंद झालेत. घोडं तिथेच अडलं. हाच फोन, हाच नंबर बाहेरच्या देशात नेला तर येतील म्हणे. पण नेणार कोण? तिला कुठला पासपोर्ट!

म्हणून म्हटलं — ताई, तुम्ही परवा चाललाय ना तिकडे साहेबांबरोबर? त्यासाठीच तर हा कोट लहान करायचाय. तो बघा, मशीनवर छोटा फोन आहे, तेवढा पर्समध्ये टाका. तिकडे उतरलात की उघडायचा, आकडे टाकायचे, खातं काढा म्हणून दाबायचं, संपलं. बाकी आत बघू नका हं, फोटो सगळे त्यातच आहेत. अहो, शिलाई नको मला कोटाची, काही नको! जीव टांगणीला लागलाय हो. मुलगी पुढच्या आठवड्यात तिकडेच चाललीय शिकायला. होस्टेलमध्ये कुणीतरी बघत बसेल, ही शेजारून डोकावेल — चेहरा नाही, खरंय, पण मूर्खपणा ऐका. फोटोतले कपडे घरीच शिवलेले, आणि प्रत्येकाच्या काठाला शेवटी एक लाल टाका. सवयच हो हाताला, तो घातल्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटतच नाही. पोर मशीनखाली रांगत मोठी झालीय. माझी पाठ एक वेळ ओळखणार नाही, पण टाका —

मैत्रिणीची. मैत्रिणीची पाठ म्हणतेय मी.

काय बघताय? ती बाही झालीये शिवून, ती कशाला उलटताय — हो. आहे. तुमच्या कोटालाही घातलाय. बरं, मग कळलंच आहे तर बोला काय बोलायचं ते, शिव्या घाला, कोट उसवून परत मागा, पुन्हा पायरी चढू नका माझी. पण एवढं न्या. सगळ्या जगानं बघितलं, त्याचं मला काही नाही, खरंच नाही. तिनं बघू नये हो. ती माझ्याकडे जशी बघते ना आत्ता — तसंच राहू दे, एवढंच मागतेय.

काय गं पोरी? काही नाही, ताईंशी बोलतेय. हो, आहेत अजून. फोन? हां — तो जुना आहे, तिकडे कुणालातरी पोचवायचाय. तू? छे, तू नको! तुझी बॅग आधीच ठासून भरलीय. जागा आहे म्हणे! अगं, ताई नेतायत ना — हो ना ताई? सांगा की तिला, नेतायत म्हणून. चार्ज बिर्ज काही करायचा नाहीये, ठेव खाली. ठेव म्हणते ना! लॉकचा आकडा कशाला टाकतेस — नाही, तुझा वाढदिवस नाहीये तो, अगं नाहीये — ताई, टोचू देत त्या टाचण्या, हात खाली करा आणि घ्या ना तो तिच्याकडून. ताई?