गोष्टीतली आई काहीच बोलत नाही

हॅलो?… हो, नववीला भाषा शिकवते ती मीच. आपण?… हां हां, तिचे बाबा! बोला ना… का, काय केलं तिनं?

जेवताना?… तोंडावर म्हणाली? 'बाबा, तुम्ही अविश्वसनीय निवेदक आहात'?… अहो, हसत नाहीये, ठसका लागला… छे, शिवी कसली! निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. तो आपल्या सोयीचं तेवढंच सांगतो, म्हणून… हो. हो, कळलं. तुम्ही तसं करत नाही.

अहो, ऐका ना… सुट्टीत आमचं शिबिर झालं, साहित्याच्या सिद्धांतांचं. आधी आम्ही विचारायचो, 'गोष्टीतून काय बोध मिळतो?' आता विचारतो, 'गोष्टीत कोण बोलतच नाही?'… पुस्तकातलीच गोष्ट हो, घड्याळजीची. बाप बोलतो, मुलगा बोलतो, गिऱ्हाईकसुद्धा बोलतं. आई येते, चहा ठेवते, जाते. परत येते, कप उचलते, जाते… म्हणून म्हटलं, तिच्या मनातलं लिहून आणा… नाही, तुमच्या घरात शोधा असं कुठे म्हटलं मी? ते तिचं डोकं!

उद्या?… मोठ्या बाईंकडे? वर्ग बदलून घेणार?… अहो, असं नका करू. पुस्तकाशी भांडणारी ती एकटीच आहे माझ्या वर्गात. बाकीचे 'हो बाई' म्हणून मोकळे होतात. ती गेली तर मला फार वाईट वाटेल, खरंच सांगते.

बरं, तिच्या आईचं काय म्हणणं?… 'तिचं काही म्हणणं नसतं'?… तुम्ही विचारलंत?… मग द्या ना जरा त्यांना फोन… असू देत हात ओले. थांबते मी.

हॅलो?… ताई?… घाई नाही… हं… हो… अगं बाई! वक्तृत्वाची ढाल? तुम्हाला? कॉलेजात?… आणि आता कुठे आहे ती?… पाण्याच्या पिंपावर झाकण?… तिच्या बाबांना सांगितलं नाहीत कधी?… हं. विचारलंच नाही.

बरं ताई, मी काय म्हणत होते… हो… बरोबर… नाही, मी एवढंच… हो, तेही खरंच… अहो, मलाही जरा… बरं, बोला, तुम्हीच बोला.

(तुम्हाला नाही ताई, आमच्या यांना… अहो, कुकर बंद करा तुम्हीच. मला सवड नाही इथे!)

हो ताई, ऐकतेय… म्हणजे मुलगी माझ्याच वर्गात? नक्की? तिच्या बाबांना विचारायला नको?… बरं बरं, नाही विचारत!… वाचवलंत हो मला.

काय म्हणता?… उरलेलं त्यांनाच सांगायचंय?… समोरच बसलेत? गप्प?… अहो, मग मी कशाला मध्ये! ठेवते. ठेवते हं ताई.