ग्लोरियाचा पासवर्ड

नोकरी करणाऱ्या माणसाचं खासगी असं काही उरलं नाही, म्हणता? उरलंय, पण ते कायद्यामुळे नाही, आमच्या बोलीमुळे!

माझ्या शेजारची ग्लोरिया वसई पूर्वेला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. कोणीतरी कंपनीची बदनामी करतंय, असा मालकाला संशय आला. त्यानं सगळ्यांचे फेसबुकचे पासवर्ड मागितले. जो देणार नाही, त्यानं उद्यापासून येऊ नये.

ग्लोरियाचा मला फोन. आयुष्यभर कामगार युनियनमध्ये नोकरी केलेला मी कडाडलो, "अजिबात देऊ नकोस! उद्या घराची चावी मागेल, तीही देशील?"

"अंकल, भांडायचा पगार तुम्हाला मिळत होता. मला नाही मिळत," असं म्हणून तिनं पासवर्ड देऊन टाकला.

मालकानं तिला समोर बसवून तिचे मेसेज उघडले. बहिणीशी मारलेल्या वर्षभराच्या गप्पा, आणि सगळ्या आमच्या गावच्या बोलीत. अर्धा तास वाचूनही मालकाला काही कळेना. शेवटी त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे माझं नाव आहे ना? पुढे काय लिहिलंय?"

"साहेब देवमाणूस आहेत, असं लिहिलंय सर."

"मग बहिणीनं ही हसणारी तोंडं का पाठवलीत?"

"तिलाही आनंद झाला, सर."

नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नोटीस लागली. मला वाटलं, चला, मालकाला लाज वाटली. ग्लोरियानं नोटिशीचा फोटोच पाठवला: "कर्मचाऱ्यांनी आपल्या खासगी गप्पा व्यवस्थापनाला समजतील अशाच भाषेत माराव्यात."