मुक्याची चाळीस उड्यांची शाळा

धोंडूबाई : आनि उडी कोनी मारली? कुत्र्यानं नाय. तू मारलीस. तोंडात भाकरीचा तुकडा धरून.

पदू : दाखवावं लागतं, आई. फॅक्टरीतल्या साहेबांच्या मासिकात फोटो आहेत. विलायतेत कुत्र्यांच्या शर्यती असतात, तशीच आता कंपनीच्या मैदानावर होणार, मी अर्जही आणलाय. आडव्या काठीवरून उडी, मग पिंपातून आरपार, मग उभ्या काठ्यांमधून नागमोडी. मालक बाजूनं पळतो.

धोंडूबाई : बाजूनं. पिंपात शिरत नाय.

पदू : मुक्याला आत जायची भीती वाटत होती.

धोंडूबाई : म्हनून तू शिरलास, आनि कमरेत अडकलास. मी पाय धरले, शेजारच्या आबाजी भावजींनी पिंप धरलं, आनि हा बाहेर बसून भुंकला. सारी आळी गोळा झाली.

पदू : तेवढं एक काम त्यानं वेळेवर केलं.

धोंडूबाई : दिवसभर कोकलनाऱ्या पिल्लाचं नाव मुक्या कोन ठेवतं रं?

पदू : साहेबांनी खोपोलीला हातात दिलं तेव्हा झोपलं होतं. मला वाटलं, स्वभावच शांत. पळसदरीला उतरेपर्यंत माझं नाव ठेवून झालं होतं. उतरल्यावर ते जागं झालं.

धोंडूबाई : भावजींनी आज रविवारची मुदत दिलीया. जेवून जरा आडवे झाले की हा सुरू. आज दुपारी भुंकला, तर उद्या फॅक्टरीत जाताना पिशवीत घालून साहेबाला परत. तूच कबूल झालास.

पदू : म्हणून तर या उड्या! साहेब म्हणाले, दमलेला कुत्रा भुंकत नाही.

धोंडूबाई : मग दमला का?

पदू : मी दमलो. दुसरी पाळी असली की सकाळभर चाळीस उड्या. तीन आठवडे झाले. जेवलो की असा झोपतो, की त्याच्या भुंकण्यानं झोप न मोडणारा आळीत मी एकटाच.

धोंडूबाई : आजपन घोरत व्हतास. आनि तो भुंकला.

पदू : भुंकला?

धोंडूबाई : चांगला. हार्मोनियम आनलीस, धूळ खाती. कोंबड्या आनल्यास, मुंगसानं नेल्या. कर्जतला टायपिंगला गेलास...

पदू : डाव्या हाताचं झालं होतं. उजवा राहिला.

धोंडूबाई : आता हा.

पदू : याला परत द्यायचं नाही, आई. मी कामावरून आलो की हा एकटाच असा नाचतो, जसं काही मी मोठा पराक्रम करून आलोय. दुसरं कुणी इतका गैरसमज करून घेत नाही.

धोंडूबाई : माज्याम्होरं बोलून काय उपेग? भावजींना सांग. ते बघ आलेच. हातात चप्पल हाय.

आबाजी : पदू! आदी मला येक सांग. तुज्या बकरीचं दावं कुठाय?

पदू : मैनेचं? मुक्याच्या गळ्यात. ट्रेनिंगला दोरी पाहिजे होती, काका.

आबाजी : आनि बकरीच्या गळ्यात काय हाय?

पदू : ती गरीब आहे. बांधली नाही तरी उभी राहते. तीन आठवडे खुंट्यापाशी उभी राहून आमचं सगळं बघत होती.

आबाजी : सगळं बघितलं तिनं. भाकरीचे तुकडे कोन खायचं?

पदू : मी काठीपलीकडे मुक्यासाठी टाकायचो. तो खायचा नाही, भुंकायचा. मग... संपायचे मात्र.

धोंडूबाई : अगं बाई!

आबाजी : वयनी, आज हा भुंकला तसा मी चप्पल घेऊन भायेर आलो. म्हटलं, आज तोंडच बंद करतो याचं. बघतो तर तुमची मैना माज्या वालात. शेंगा भरायला आल्यात, आनि ही आरामात सोलून खाती. मी ओरडलो. तर मागं चार पावलं गेली, धावली, आनि काटेरी कुंपनाच्या वईवरून पार. येक काटा लागला नाय.

पदू : पाय पोटाशी घेतले होते?

आबाजी : काय?

पदू : उडी मारताना. पुढचे पाय.

आबाजी : घेतले व्हते.

पदू : बरोबर घेतलेत.

धोंडूबाई : मेल्या, त्यांचा वाल गेला!

आबाजी : येक कोपरा गेला. आठ दिवस मला वाटतंय रानडुक्कर येतंय. रात्री राखन केली मी. आनि ही खाती दुपारी, सगळे झोपल्यावर.

धोंडूबाई : थांबा भावजी. आदी हा दिसभर भुंकायचा. आठ दिवस झाले, फकस्त दुपारचा भुंकतो.

पदू : ते मीही पाहिलं. मला वाटलं, ट्रेनिंगचा परिणाम.

आबाजी : परिनाम हायच की. बकरीवर.

पदू : म्हणजे हा आठ दिवस ओरडून सांगत होता, आणि आपण याला परत पाठवायला निघालो?

आबाजी : मी निगालो व्हतो. तू झोपला व्हतास.

पदू : काका, वालाचं नुकसान मी भरून देतो. पण मुक्या...

आबाजी : भरपाई नको. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीला येक मडकं तू लावायचं, आत घालायला भांबुर्डीचा पाला तूच आनायचा, आनि शेंगा आमी खायच्या. कुत्रा ऱ्हाऊ दे. वाल निगंपर्यंत दुपारचा माज्या वईपाशी बांध.

पदू : म्हणजे परत नाही द्यायचा?

आबाजी : बकरीला दावं आन आदी. आनि पदू, ती वई माज्या बापानं घातली. आजपातूर कंच्याच जनावरानं वलांडली नाय. तू कुनाला काय शिकवू शकशील, असं मला वाटलं नव्हतं.

पदू : मलाही नव्हतं वाटलं, काका. आणि अजूनही ती माझ्याकडे बघून शिकली, की मी पडतो तसं पडायचं नाही हे ठरवून शिकली, कळत नाही.

धोंडूबाई : कंपनीच्या मैदानावर आता बकरी पळवशील.

पदू : अर्जात ‘प्राण्याचं नाव’ एवढंच विचारलंय. कुठला प्राणी, ते विचारलेलं नाही.

धोंडूबाई : दावं आन!

(दुसरा दिवस, दुपार. पदू पाळीवर निघण्याच्या तयारीत. मैना नव्या दाव्याला बांधलेली. वईपाशी घोंगडीवर आबाजी आडवा, शेजारी मुक्या.)

आबाजी : पदू. ए पदू.

पदू : काय काका? भुंकला का?

आबाजी : नाय ना. कवापासनं वाट बघतोय. मला झोप लागंना.

पदू : मैना बांधलेली आहे. भुंकायला काही उरलेलं नाही. झोपलाय तो.

आबाजी : झोपला? मग राखन कोन करनार?

पदू : तुम्ही जागे आहात ना.

आबाजी : हां. ते बी हायच.

पदू : आत नेऊ का त्याला?

आबाजी : हळू बोल रं. उठंल तो.