कोरा बिल्ला

खाणीच्या चौकशीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा होत्या. धाकटीचा नवरा आठवड्यापूर्वी खाणीत दरड कोसळून गेला.

“जाऊबाई, वर आलेल्या माणसानंच आपला बिल्ला फळ्यावरच्या खुंटीवर लावायचा ना? खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून खाली.”

“हो गं. पण पिक्चरवाल्यांना रिकामी खुंटी नको होती.”

“म्हणून फळा सांभाळणाऱ्या आपल्या मोठ्या भाऊजींनी ह्यांच्या खुंटीवर कोरा बिल्ला अडकवला?”

“शूटिंगपुरता. काढायचा राहिला.”

“फळा भरलेला बघून सगळे घरी गेले. हे दरडीखाली पहाटेपर्यंत जिवंत होते.”

“खरं सांगितलंस तर भाऊजी तुरुंगात जातील, बाई.”

“सख्ख्या भावाची खुंटी ओळखली नाही त्यांनी?”

“ओळखली. म्हणाले, येईलच तो, तेवढ्यात पिक्चरवाल्यांचा सीन उरकू दे.”

“मग आत हेच सांगते.”